लेकीला आयपॅड हवाय, बजेट सहा हजार, घरात जुना लॅपटॉप: काय घेऊ?

पत्र असं आहे:

"ताई, मुलगी सहावीत आहे, अकरा वर्षांची. सतत चित्रं काढते. आधी वह्या भरवायची, आता माझ्या मोबाइलवर आयबिस पेंटमध्ये बोटाने काढत बसते, माझाच फोन मला मिळत नाही. आमच्या मांजरीची कॉमिक चाललीय तिची, मराठीत. दिवाळीत पुण्याच्या जाऊबाईंच्या मुलीचा आयपॅड वापरून बघितला आणि तेव्हापासून आयपॅडच पाहिजे म्हणून धोशा लावलाय. आमचं बजेट ओढूनताणून सहा हजार. लॉकडाऊनमध्ये मोठ्यासाठी घेतलेला लॅपटॉप घरात आहे, चार जीबी रॅम, विंडोज टेन. ह्यांचं म्हणणं, टॅब आणला की ती गेमच खेळणार. कॉम्प्युटरवाला म्हणतो तीनशे रुपयांत फोटोशॉप टाकून देतो. एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी तीन महिन्यांचे नऊ हजार सांगितलेत. मुलगी डावखुरी आहे, त्याने काही अडतं का? नाव छापू नका. एक आई, बार्शी."

ताई, नाव नाही छापत. उत्तर आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत वाचेपर्यंत जाऊबाईंचा अजून एक फोन यायचा. घरातला लॅपटॉप ठेवा, त्याला लावायचा छोटा पेन टॅबलेट घ्या, साधारण दोन ते चार हजारांत चांगला येतो, आणि त्यावर क्रिता नावाचं सॉफ्टवेअर टाका, ते पूर्ण फुकट आहे, चोरीचं नाही, खरंच फुकट आहे. उरलेल्या पैशांतून दोन जाड कागदाच्या स्केचबुक आणा. आयपॅड आत्ता नको, क्लास पण आत्ता नको. आता का ते सांगते, कारण तुम्हाला हे घरी दोन माणसांना पटवायचंय आणि त्यातलं एक अकरा वर्षांचं आहे.

पेन टॅबलेट म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, दुकानदाराला पण कधीकधी नसतं. एक काळी पातळ पाटी असते, तिला स्क्रीन नसते. ती यूएसबीने लॅपटॉपला जोडायची, सोबत एक पेन येतं, त्या पेनाने पाटीवर काढलं की लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटतं. बहुतेक चांगल्या कंपन्यांच्या पेनात बॅटरी नसते, पाटीच्या आत तारांची जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनाला हवी तेवढी वीज मिळते, त्यामुळे चार्जिंगची कटकट नाही. आणि तुमच्या ह्यांना सांगा, या पाटीत यूट्यूब चालत नाही, गेम चालत नाही, लॅपटॉपशिवाय ती नुसती पाटी. लॅपटॉपवर गेम खेळता येतो हे खरं, पण तो प्रश्न तुमच्या घरात २०२० पासून आहेच ना.

आता पैसे कुठे घालायचे. माझं मत एकच आहे आणि मी ते सगळ्या आईबापांना सांगते, मुलांच्या डिजिटल ड्रॉइंगमध्ये पैसा जायला पाहिजे तो पेनात. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकवणारे फुकट मिळतात, कॉम्प्युटर जुना चालतो, पण दाब ओळखणारं पेन नसेल तर काहीतरी मोठं राहून जातं. एकदा लेक मोबाइलवर काढत असताना शेजारी बसून बघा, मांजरीची मिशी काढते तेव्हा काय होतं ते. बोटाने काढलेली रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते, किंवा अ‍ॅपच दोन्ही टोकं आपल्या मनाने बारीक करून देतं. पेन्सिलने कागदावर तीच मिशी काढली तर नाकापाशी जाड आणि टोकाला सुटत गेलेली येते, कारण हात शेवटी उचलला जातो. काचेला बोटाचा दाब कळत नाही. पेन टॅबलेटला कळतो. हलकं टेकवलं की बारीक, दाबलं की जाड, रंग भरताना हलक्या हाताने फिकट. म्हणजे वह्या भरवून तिने हातात जे कमावलंय ते वाया जात नाही, ते जसंच्या तसं इकडे येतं.

कुठला घ्यायचा तर वॅकॉम, ह्युऑन आणि एक्सपी-पेन ही तीन नावं लक्षात ठेवा. वॅकॉम ही जपानी कंपनी, १९८३ पासूनची, या धंद्यात सगळ्यात जुन्यांपैकी. त्यांचा 'वन बाय वॅकॉम' नावाचा स्वस्तातला टॅबलेट आहे, त्याचा छोटा आकार घ्या, काढायची जागा साधारण सहा इंच बाय पावणेचार इंच. ह्युऑनचा एच ६४० पी किंवा एक्सपी-पेनचा स्टार जी ६४० पण त्याच आकाराच्या आसपासचे आहेत. किमती सेलप्रमाणे वरखाली होतात म्हणून आकडा धरून बसू नका, पण हे सगळे तुमच्या बजेटच्या आत बसतात. आता जाहिरातीत लिहिलेलं असतं दाबाच्या पातळ्या २०४८, दुसऱ्यावर लिहिलेलं असतं ८१९२, आणि दुकानदार सांगतो हा चौपट चांगला. अकरा वर्षांच्या मुलीला सोडा, मोठ्या चित्रकाराला पण डोळे मिटून दोन्हीतला फरक सांगता येणार नाही. २०४८ भरपूर झालं. त्यापेक्षा पेन बिनबॅटरीचं आहे का, जादा निब, म्हणजे पेनाची बदलायची टोकं, बॉक्समध्ये आहेत का आणि कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला पाटी ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, अजून मिळतो का हे बघा, खास करून सेकंडहँड घेत असाल तर. सेकंडहँडमध्ये पेन सोबत असलंच पाहिजे, एका कंपनीचं पेन दुसऱ्याच्या पाटीवर चालत नाही, आणि बऱ्याचदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचं पण चालत नाही.

मोठ्या आकाराचा मोह आवरा. दहा इंची पाटी दिसायला भारी दिसते पण जेवढी मोठी पाटी तेवढा हात खांद्यापासून फिरवावा लागतो, आणि लहान मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर लॅपटॉप, वही, डबा आणि ही पाटी बसवायची कुठे. एकदम चारपाच इंची पण नको, त्यात लांब रेघ ओढताना हात अडखळतो.

आता फसवणुकीच्या जागा सांगते, कारण पत्रांवरून दिसतं की सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. पहिली म्हणजे तीनशे-पाचशे रुपयांची ती एलसीडी रायटिंग पॅड, काळ्या पाटीवर हिरव्या रेघा उमटतात आणि बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. ऑनलाइन शोधताना 'ड्रॉइंग टॅबलेट' म्हणून हीच आधी दिसते, आणि कुठलातरी मामा वाढदिवसाला तीच घेऊन येतो. ती कॉम्प्युटरला जोडली जात नाही, तिच्यावरचं चित्र कुठे सेव्ह होत नाही. बाजारातली यादी लिहायला ठीक आहे.

दुसरी, मोबाइलवर चालणारं शंभर-दोनशेचं स्टायलस, टोकाला रबराचा गोळा किंवा पारदर्शक चकती असते. ते म्हणजे लांब केलेलं बोट, त्याला दाब कळत नाही. तिसरी जागा जरा महाग पडते. दुकानात सांगतात सॅमसंगचा टॅब घ्या, त्यावर पेन चालतं. सॅमसंगच्या सगळ्या टॅबवर एस पेन चालत नाही! स्वस्तातली ए मालिका, म्हणजे टॅब ए आठ, ए नऊ वगैरे, त्यांच्या स्क्रीनमध्ये ते तंत्रच नाही. टॅब एस सहा लाइटमध्ये आहे आणि त्याच्या बॉक्समध्येच पेन येतं, पण तो तुमच्या बजेटच्या कितीतरी वर. चौथी जागा आयपॅडवाल्यांसाठी, म्हणजे जाऊबाई वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण. अ‍ॅपलची यूएसबी-सीवाली जी स्वस्तातली पेन्सिल आहे तिला दाब कळत नाही, आणि बाजारात दीड-दोन हजारांत 'आयपॅडसाठी पेन्सिल' म्हणून ज्या मिळतात त्यातल्या बहुतेकांना पण नाही, कलतं धरलेलं कळतं, हाताचा तळवा टेकला तरी चालतं, पण दाब नाही. नव्या साध्या आयपॅडवर दाब हवा असेल तर पहिल्या पिढीची अ‍ॅपल पेन्सिल आणि तिला एक अडॅप्टर लागतो. म्हणजे आयपॅड अधिक पेन्सिल मिळून गोष्ट चाळीस हजारांच्या आसपास जाते, आणि एवढं करून सहावीतली मुलगी तो दप्तराखाली ठेवणार.

अजून एक राहिलं. स्क्रीनवालाच पेन टॅबलेट असतो, ज्याला पेन डिस्प्ले म्हणतात, त्यावर थेट चित्रावरच पेन चालतं. फोटो बघून वाटतं हा तर आयपॅडसारखाच आणि निम्म्या किमतीत. पण त्यालाही लॅपटॉप लागतोच, तो एकट्याने चालत नाही, दोन-तीन वायरी लोंबतात, आणि किंमत दहा-पंधरा हजारांच्या पुढे. आत्ता विचार नको.

आयपॅड वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. प्रोक्रिएट नावाचं जे अ‍ॅप तिने पुण्याला वापरलं असणार ते फार सुंदर आहे, एकदाच पैसे भरायचे, महिन्याची वर्गणी नाही, टास्मानियातल्या एका छोट्या कंपनीने बनवलंय. फक्त ते आयपॅडवरच चालतं, अँड्रॉइडवर नाही, विंडोजवर नाही, आणि प्ले स्टोअरवर त्याच्या नावाशी मिळतंजुळतं जे काही दिसतं ते ते नव्हे. लेक दहावीपर्यंत टिकून राहिली, रोज काढत राहिली, तर तेव्हा आयपॅड घ्या किंवा चांगला लॅपटॉप घ्या, तेव्हा तिलाच सांगता येईल तिला काय हवंय. आत्ता तिला आयपॅड म्हणजे चुलत बहिणीकडे आहे ते, एवढंच माहिती आहे, आणि त्यात तिची काही चूक नाही.

सॉफ्टवेअरकडे येऊ. कॉम्प्युटरवाल्याचं तीनशेचं फोटोशॉप नको. फोटोशॉप आता महिन्याच्या वर्गणीवर मिळतं, तीनशेत जे मिळतं ते क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, आणि ते टाकताना पहिली गोष्ट करतात ती म्हणजे अँटीव्हायरस बंद. त्या लॅपटॉपवर तुम्ही कधी बँकेचं काम करता का? मोठ्याचे फॉर्म भरले जातात का? मग कशाला. शिवाय चार जीबीच्या लॅपटॉपवर ते चालताना बघणं म्हणजे एसटी स्टँडवर अनाउन्समेंटची वाट बघणं.

क्रिता हे खास चित्रं काढणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे, फोटो दुरुस्त करायला नाही. ते ओपन सोर्स आहे, जगभरातले लोक मिळून बनवतात, देणग्यांवर चालतं. क्रिता डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्या साइटवरून उतरवा, तिथे एक रुपया पडत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये आणि स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात तेच विकत दिसेल, ते फसवणं नाही, तिथले पैसे बनवणाऱ्यांना जातात, आतला प्रोग्राम तोच. परवडेल तेव्हा द्या, आत्ता फुकटवाला घ्या.

उघडल्यावर ती घाबरेल. शंभरावर ब्रश, चारी बाजूंना खिडक्या. तिला सांगा पहिले काही दिवस फक्त एक पेन्सिल ब्रश, एक शाईचा ब्रश, खोडरबर आणि दोन लेयर. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, ते तिला आयबिसमुळे माहीत असणारच. बाकी गोष्टी ती स्वतःच शोधेल, पण दोन गोष्टी तुम्ही दाखवा म्हणजे आयपॅडचं दुःख जरा हलकं होईल. एक, मल्टीब्रश नावाचं टूल आहे, त्यात आरसे किती ते ठरवायचं आणि एक रेघ काढली की ती सहा ठिकाणी, आठ ठिकाणी आपोआप उमटते. ठिपक्यांशिवाय रांगोळी, अक्षरशः मिनिटाभरात. दुसरी, कीबोर्डवर डब्ल्यू दाबलं की चित्र चारी बाजूंनी स्वतःलाच जोडलं जातं, कडेला अर्धी काढलेली कोयरी दुसऱ्या कडेला पूर्ण होते, आणि साडीच्या काठासारखी सलग नक्षी तयार होते. पुढे ड्रॉइंगच्या परीक्षेत संकल्पचित्र असतं ना, त्याचं डोकं इथे तयार होतं. आणि रेघ थरथरत असेल तर ब्रश टूलच्या 'टूल ऑप्शन्स'मध्ये स्टॅबिलायझर आहे, तो रेघेला जरा मागे ओढून सरळ करतो. थोडा ठेवा, फार वाढवू नका, नाहीतर रेघ पेनाच्या मागून रांगत येते आणि हाताला सवय लागत नाही.

बाकीची थोडक्यात. आयबिस मोबाइलवर चालू राहू दे, प्रवासात बरं, जाहिराती सहन करायच्या आणि काही ब्रश जाहिरात बघितल्यावरच उघडतात. मेडिबँग पेंट पण फुकट, कॉमिकच्या चौकटी पाडायला सोपं आणि क्रितापेक्षा हलकं, म्हणून लॅपटॉपवर क्रिता फारच रडायला लागलं तर हे टाका. स्केचबुक नावाचं अ‍ॅप मोबाइलवर फुकट आणि फार साधं, कॉम्प्युटरसाठी मात्र विकत. गिंप फोटोसाठी ठीक, चित्रं काढायला मला कधी आवडलं नाही. घरात अजून छोटं भावंड असेल तर टक्स पेंट टाकून द्या, २००२ पासून आहे, बारीक मुलांसाठीच बनवलंय, शिक्के मारले की आवाज येतात, पोरं तासभर गप्प.

तुमच्या लॅपटॉपबद्दल काळजी करू नका पण थोडी शिस्त लागेल. क्रितात नवीन कागद घेताना आकार विचारतो, तिथे ए फोर ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके, निवडलं तर कागद होतो २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा, आणि पूर्ण भरलेला एक एक लेयर साधारण पस्तीस एमबी मेमरी खातो. वीस लेयर झाले की सातशे एमबी, आणि चार जीबीतली निम्मी आधीच विंडोजने घेतलेली असते, त्यात मागे क्रोमच्या दहा टॅब उघड्या. मग पेन पुढे आणि रेघ मागे असं व्हायला लागतं आणि मुलगी म्हणते टॅबलेटच खराब आहे. तिला १५० डीपीआय घेऊ दे, कागद १२४० बाय १७५४ होतो, मेमरी चौथाईवर येते, स्क्रीनवर बघायला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आजीला पाठवायला भरपूर. क्रोम बंद करून काढायचं, लेयर संपले की एकत्र करायचे. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर कधीतरी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या, बाकी कशापेक्षा त्याने जास्त फरक पडतो. विंडोज टेनचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, म्हणून या लॅपटॉपवर बँक नकोच, तो चित्रांना देऊन टाका. आणि त्याची बॅटरी आता मेलेली असणार, तुमच्याकडे लाइट जाते, तेव्हा कंट्रोल एस दाबून सेव्ह करायची सवय पहिल्या दिवसापासून. क्रिता मधूनमधून आपणहून सेव्ह करतं, पण त्याच्या भरवशावर मांजरीची आठ पानं सोडू नका. मूळ फाइल केआरए या क्रिताच्या स्वतःच्या प्रकारातच ठेवायची, पाठवायला पीएनजी, म्हणजे कुठेही उघडणारी चित्राची फाइल, काढायची, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायची म्हणजे रेघा फाटत नाहीत.

जोडताना क्रम असा ठेवा: आधी कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर, मग रीस्टार्ट, मग क्रिता. बहुतेक घरांत पहिल्या दिवशी एकच तक्रार असते, पेन चालतंय पण दाब लागत नाही. तेव्हा परत करायला पळू नका. क्रितात सेटिंग्जमध्ये कॉन्फिगर क्रिता, तिथे टॅबलेट सेटिंग्ज, तिथे दोन पर्याय दिसतात, विनटॅब आणि विंडोज इंक. जो आहे त्याच्या उलटा निवडा, क्रिता बंद करून उघडा. बहुतेक वेळा तिथेच सुटतं. घरात आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर काढून टाका, दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत.

डावखुरी असल्याने काहीच अडत नाही, उलट विचारलंत ते बरं केलंत. ड्रायव्हरमध्ये डाव्या हाताचा पर्याय असतो, तो निवडला की पाटी उलटी फिरवून ठेवायची, म्हणजे वायर आणि बटणं असतील तर ती दुसऱ्या बाजूला जातात. वन बाय वॅकॉमच्या पाटीवर बटणंच नाहीत त्यामुळे तो प्रश्नही कमी. खरी अडचण वेगळीच येते. डाव्या हातात पेन असताना 'अनडू'साठी, म्हणजे चुकलेली रेघ मागे घ्यायला, कंट्रोल झेड दाबायला उजवा हात कीबोर्डच्या डाव्या टोकाला न्यावा लागतो, दोन्ही हातांची फुली होते. त्यावर उपाय म्हणजे पेनावर जी दोन बटणं असतात त्यातल्या एकाला ड्रायव्हरमध्ये कंट्रोल झेड देऊन टाका. दुसरं राइट क्लिकच राहू दे, त्याने क्रितात ब्रश आणि रंगांचं गोल चाक पेनाच्या टोकाशीच उघडतं. एवढं केलं की कीबोर्डकडे हात जातच नाही फारसा.

पाटी लॅपटॉपच्या बाजूला ठेवू नका, समोर ठेवा, लॅपटॉप मागे सरकवून दोन जाड पुस्तकांवर. पाटी तिरपी झाली की रेघ तिरपी येते आणि कारण कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पहिले दोन-तीन आठवडे. ती रडणार आहे. हात खाली, नजर वर स्क्रीनवर, हे मेंदूला आधी पटतच नाही. जी मुलगी वहीत एका फटक्यात मांजर काढते तिला इथे साधा गोल जमणार नाही, आणि ती म्हणेल हे बकवास आहे, आयपॅडवर मस्त येत होतं. आयपॅडवर येत होतं कारण तिथे हात आणि चित्र एकाच जागी असतं, हे तिला सरळ सांगा. सगळे पेन टॅबलेटवाले यातून गेलेत. तेव्हा चित्र काढायला लावू नका. रोज थोडा वेळ, पंधरा मिनिटं फार झाली, दोन ठिपके काढून त्यांना जोडायचं, गोल काढायचे, स्वतःची सही करायची, आणि मग वहीतल्या जुन्या चित्राचा फोटो क्रितात घेऊन वरच्या लेयरवर त्याच्या रेघा गिरवायच्या. स्वतःचंच चित्र गिरवणं ही चोरी नाही, कोणी काही म्हणालं तर म्हणू दे. माऊसचं काम पण पेनाने करू दे, फाइल उघडणं वगैरे, त्याने हात लवकर बसतो. आयबिसमधली अर्धवट कॉमिक सोडायची नसेल तर तिथून लेयरसकट पीएसडी प्रकारची फाइल काढता येते, ती क्रितात उघडते, म्हणजे मांजर मोबाइलमधून लॅपटॉपमध्ये येते आणि तिला शून्यापासून सुरू केल्यासारखं वाटत नाही.

कॉमिक मराठीत आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. फुग्यातलं अक्षर हाताने लिहू दे शक्यतो, तिचं स्वतःचं. टाइपच करायचं असेल तर युनिकोड फॉन्ट वापरा, म्हणजे कुठेही नेलं तरी मराठी तशीच दिसते. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले मोदक, बालू, मुक्ता हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, त्यातला मोदक इतका गुबगुबीत आहे की मांजरीच्या कॉमिकचं नाव त्यातच शोभेल. कॉम्प्युटरवाला जुने डीटीपीचे फॉन्ट टाकून देईल, ते नकोत, त्यात कीबोर्ड वेगळा आणि दुसरीकडे नेलं की अक्षरांचा भुगा. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर तुटलेलं दिसलं तर चित्र पीएनजी करून इंकस्केप नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथे अक्षरं टाका, तेही फुकट आहे आणि देवनागरी नीट बसवतं.

क्लासचे नऊ हजार आत्ता घालू नका. तीन महिन्यांत जे शिकवतील त्यातलं निम्मं बटणं कुठे आहेत तेच असतं, आणि ते क्रिताच्या साइटवर चित्रांसकट फुकट लिहिलेलं आहे, इंग्रजीत आहे, पण मोठा भाऊ आहे ना घरात. त्याहून चांगली गोष्ट सांगते. डेव्हिड रेव्हॉय नावाचा फ्रेंच चित्रकार आहे, तो एका छोट्या चेटकिणीची आणि तिच्या मांजराची 'पेपर अँड कॅरट' नावाची वेब कॉमिक क्रितातच काढतो, आणि त्याच्या मूळ फाइली लेयरसकट सगळ्यांना फुकट देतो. ती फाइल मोठी असते, तुमचा लॅपटॉप धापा टाकेल, पण एकदा तरी एक पान उघडून लेयर एकेक करून बंद-चालू करून बघू दे. खालचं कच्चं रेखाटन, त्यावर रंग, त्यावर उजेड. मोठ्या चित्रकाराच्या खांद्यावरून बघायला मिळणं हे पूर्वी फक्त जे. जे.मध्ये गेलेल्यांच्या नशिबी होतं. आणि शाळेच्या चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना विसरू नका, त्यांना क्रिता येत नसलं तरी मांजरीचा मागचा पाय कुठे वाकतो ते नक्की येतं.

कागद मात्र सुटता कामा नये, आणि हे मी जुन्या वळणाची म्हणून सांगत नाही. पुढे ती एलिमेंटरीला बसेल, मग इंटरमिजिएटला, कला संचालनालयाच्या या दोन्ही परीक्षा कागदावरच होतात, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, आणि इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला जादा गुण मिळतात. त्यानंतर फाइन आर्टला जायचं म्हटलं तरी सीईटीत हाताने काढायचंच असतं. तिथे अनडू नाही. पोस्टर कलर सुकला की सुकला. म्हणून आठवड्यातले काही दिवस वही, काही दिवस लॅपटॉप, कुठले ते तिचं तिला ठरवू दे.

एक सावधगिरी. आयबिसमध्ये चित्रं ऑनलाइन टाकायची सोय आहे आणि आता ती इन्स्टावर टाकायचं म्हणेल. इन्स्टाग्रामला वयाची अट तेरा आहे. तोपर्यंत तुमच्या नावाने, तुमच्या फोनवरून, ओळखीच्या लोकांपुरतं. शाळेचं नाव, युनिफॉर्ममधला फोटो चित्रासोबत नको. कोणी अनोळखी माणूस 'फार छान, मी तुला शिकवतो' म्हणून मेसेज करायला लागला तर तिने लगेच तुम्हाला दाखवायचं, आणि दाखवल्यावर तुम्ही फोन काढून घ्यायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी दाखवणार नाही.

ऑर्डर करताना परत करायची मुदत बघून घ्या आणि बॉक्स आला की त्याच आठवड्यात सगळं जोडून बघा, परीक्षा संपल्यावर उघडू म्हणून कपाटात ठेवू नका. पेनाचं टोक म्हणजे निब प्लास्टिकची असते, ती झिजते, पोरं दाबून काढतात त्यांची लवकर झिजते. एका बाजूने छिलल्यासारखी, धारदार दिसायला लागली की बदला, नाहीतर पाटीवर ओरखडे पडतात. पाटीवर पातळ कागद चिकटवून काढलं तर कागदासारखं खरखरीत वाटतं खरं, पण निब लवकर झिजते. जादा निब आणि निब उपटायची छोटी रिंग बॉक्सच्या तळाशी किंवा पेनाच्या आत असते, ती कचऱ्यात जाण्याआधी शोधून देव्हाऱ्याच्या खणात ठेवा, रिंग हरवलीच तर भुवया कोरायच्या चिमट्याने पण निघते.